अकरा मोटांचा उंबरठा

आमच्या घराचा उंबरठा बप्पांनी एकदा सुताराकडून करवतीनं कापून काढवला होता आणि चौथ्या दिवशी त्याच सुताराला बोलावून परत बसवून घेतला होता. सासरी ही हकीकत मी पहिल्यांदा सांगितली तेव्हा सासूबाई जातं थांबवून माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. सुनेच्या माहेरी काहीतरी बिघडलेलं आहे, असं त्यांना आधीपासूनच वाटत होतं. बप्पा म्हणजे माझे वडील. नेकनूरच्या अलीकडं ओढ्याकाठी आमची वाडी, आणि बप्पा तिथले माली पाटील. म्हणजे कुणी सरकारी माणूस आला की त्याच्यापुढं उभं राहायचं काम त्यांचं. राज्य निजामाचं, कागद सगळे उर्दूत, आणि बप्पांची उर्दू 'जी हुजूर'च्या पुढं फारशी गेलेली नव्हती. घरात मात्र आवाज असा, की त्यांनी अंगणात खाकरलं तरी चुलीवर उतू जाणारं दूध खाली बसायचं. अशा माणसानं स्वतःच्या घराचा उंबरठा का कापावा, तर माझ्या भावासाठी.

भानू माझ्या पाठचा. मी बारा वर्षांची असेन तेव्हा तो नऊचा. लांब मानेचा, केसांत कायम धूळ, आणि डोक्यानं लख्ख. कुठली गाय कुठल्या सणाच्या आधी किती दिवस व्याली हे त्याला तोंडपाठ असायचं. पण तो अडकायचा. दुसरा शब्द तेव्हा आमच्याकडं नव्हता आणि मला अजूनही दुसरा सापडलेला नाही. अंगणातून घरात येताना तो उंबरठा ओलांडायचा, दोन बोटं चौकटीला लावायचा, आणि काहीतरी मनासारखं झालं नाही म्हणून पुन्हा बाहेर जायचा. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. कधी चार-दोन खेपांत जमायचं. कधी माय भाकरी थापायला बसली तेव्हा सुरू झालेला भानू, भाकरी होऊन, येसूराची आमटी उकळून, गडी जेवून, भांडी घासून झाली तरी उंबरठ्यावरच. त्याला कुणी धरून आत ओढलं तर तो असा किंचाळायचा की ओढ्यापलीकडची कुत्री उत्तर द्यायची, आणि हातातून निसटला की सगळं पहिल्यापासून सुरू करायचा. लोकांना वाटायचं पोरगं हट्टी आहे. मला माहीत होतं तसं नाही. आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा असं करत करत तो मला हळूच म्हणायचा, "गोदे, मला थांबायचंय गं." आणि थांबता यायचं नाही. त्याच्या गालावर घाम आणि आसवं एकच झालेली असायची.

उपाय पुष्कळ झाले. मायनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. घरभर ठसका झाला आणि आम्ही सगळेच बाहेर पळालो, भानू सोडून. नेकनूरच्या हकीमजींनी नाडी बघून काकडी बंद करायला सांगितली. भानूनं काकडी कधी खाल्लीच नव्हती, तेव्हा आधी त्याला एक खायला घालून मग बंद केली. एक देवऋषी आला. त्यानं दाराच्या मधोमध पाय फाकून उभं राहायचं ठरवलं, म्हणजे वाटच बंद. भानूनं त्याच्याकडं पाहिलं, मान खाली घातली आणि त्याच्या दोन पायांमधून ये-जा सुरू केली. देवऋष्याला हलता येईना, कारण हललं तर आपला मंत्र कमी पडला असं होईल. दिवस कलता कलता त्याच्या पायाला मुंग्या आल्या आणि दोघांना मिळून आमच्या गड्यांनी उचलून बाजूला केलं. त्यानंतर बप्पांनी सुताराला बोलावलं. उंबरठाच नाही तर पोरगं ओलांडील काय, असा त्यांचा हिशेब. उंबरठा निघाला, जागा सारवून सपाट झाली, आणि भानू तिथं आला. नसलेल्या उंबरठ्यावरून त्यानं पाय उचलून टाकला, बोटं लावली, आणि परत फिरला. फरक इतकाच झाला की आता विंचूही आत यायला लागले. म्हणून तो परत बसवला.

आमच्या घरात सोनाआत्या होत्या, बप्पांच्या थोरल्या बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आलेल्या, आणि घरातला शेवटचा शब्द त्यांचा असायचा, कारण बोलायला सुरुवात केली की त्या शेवटपर्यंत थांबतच नसत. दुष्ट नव्हत्या. भानूला ताटातलं लोणी त्याच भरवायच्या. पण त्यांनी ऐकलं होतं की दोन दिवसांच्या वाटेवर देवाचं एक ठाणं आहे, तिथं अशा पोरांना खांबाला साखळीनं बांधून ठेवतात, अंगातलं उतरेपर्यंत. कुणाचं महिन्यात उतरतं, कुणाचं वर्षात. कुणाचं उतरतच नाही, तो तिथंच राहतो. साखळी मात्र आपली आपण न्यायची. बप्पांनी बरेच दिवस कानाडोळा केला. मग एका बाजाराच्या दिवशी नांदूरघाटच्या पाहुण्यांसमोर भानू दारात अडकला, पाहुणे हसले, आणि बप्पांनी लोहाराकडं साखळी सांगितली. ती तयार होऊन आली आणि आमच्या ओसरीच्या खुंटीला लटकली. भानू तिच्या कड्या मोजायचा. "लई भारी हाय," म्हणायचा. कुणासाठी आहे हे त्याला सांगायची कुणाची छाती झाली नाही, माझीही नाही.

त्याच दिवसांत मला एक गोष्ट दिसली, आणि ती मोटेवर दिसली. मोट आता कुणी पाहिलेली नाही, म्हणून सांगते. चामड्याची मोठी थोरली पिशवी विहिरीत सोडायची, तिचा नाडा बैलांच्या जुवाला. बैल विहिरीपासून उतारावरून खाली चालत गेले की भरलेली मोट वर येते, थारोळ्यात, म्हणजे विहिरीकाठच्या दगडी हौदात, पाणी ओतते. मग बैल उलट्या पावलांनी मागं येतात आणि मोट परत खाली. त्या उताराला धाव म्हणतात. सकाळभर खाली जायचं आणि मागं यायचं, एवढंच काम. आमची मोट हाकायचे सटवामामा. आमचे सालगडी, पण घरातली आम्ही पोरं त्यांना मामाच म्हणायचो. काळे, किडकिडीत, दात दोन पुढचे नाहीत, आणि मोट हाकताना बैलांशी असे बोलायचे जसे काही शेजारच्या ओसरीवरच्या माणसांशी. मी भाकरी घेऊन गेले तर भानू त्यांच्यामागं धावेवरून खाली जात होता आणि उलट्या पावलांनी मागं येत होता. तोंडावर हसू. सटवामामा मोजत होते. धान्य मापायची सवय म्हणून एक न म्हणता ते "लाभ" म्हणायचे. लाभ, दोन, तीन, असं करत कांद्याच्या एका वाफ्याला अकरा मोटा. नऊ झाल्या की मोठ्यानं सांगायचे, "आता दोन ऱ्हायल्या." मग "आता ही शेवटची." आणि अकरावी ओतली की बैलांच्या पाठीवर थाप मारून, "मोट सुटली!" बैल जागच्या जागी उभे. आणि भानूसुद्धा उभा. खेप नाही, बोटं नाही, रडणं नाही. माझ्या हातातून भाकरी घेऊन खाली बसला आणि कांदा फोडून खायला लागला.

मी घरी पळत आले ते जग जिंकल्यासारखी. संध्याकाळी भानू दारात अडकला तशी मी समोर उभी राहून ओरडले, "मोट सुटली!" काही नाही. पुन्हा ओरडले. भानूनं माझ्याकडं दयेनं पाहिलं आणि परत बाहेर गेला. आत्या आतून म्हणाल्या, "वरडतीस कावून? एक येडं बास हाय घरात." दुसऱ्या दिवशी मी सटवामामांपुढं जाऊन रडले. ते थारोळ्यावर पाय धूत होते. एवढं हसले की नसलेल्या दातांतून शिट्टी निघाली.

"मोट धरल्याबिगर सुटती व्हय, गोदाबाई? तू काठावर हुबी ऱ्हाऊन म्हनलीस. तुजी मोट हाय का ती? आदी संगं चालावं लागतं."

"मी बी आत-भाइर करू?"

"कर की. आन एक ध्यानात ठिव. भरल्या मोटंला मधी कुनी थांबवीत न्हाई. बैल मागं वढला जातो, सरळ हिरीत जायाचा. तुमी समदे त्याला मधीच धरता. मग पोरगं वरडंल न्हाई तर काय करंल?"

तर मी त्याच्याबरोबर चालले. पहिल्या दिवशी उंबरठ्याला ठेच लागून माझ्या अंगठ्याचं नख गेलं, पण चालले. लाभ, दोन, तीन. आत, बोटं चौकटीला, बाहेर. नऊला म्हटलं, "भानू, आता दोन ऱ्हायल्या." त्याची मान वळली. "आता ही शेवटची." त्याचा श्वास संथ झाला. अकराव्या खेपेला आत आलो आणि मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "मोट सुटली." भानू उभा राहिला. मग खाली बसला. मग म्हणाला, "गोदे, भूक लागली." मी आयुष्यात पुढं चार लेकरांचे पहिले शब्द ऐकले, त्यातला एकही मला एवढा गोड लागला नाही. मागून आत्यांचा आवाज आला, "अगं माय! आता पोरगी बी लागली!"

माझी नात शहरात अशाच मुलांच्या शाळेत शिकवते. तिच्याकडं वाळूची घड्याळं आहेत, चित्रांच्या पाट्या आहेत. अजून किती उरलं ते मुलाला आधी दाखवायचं आणि मग संपलं म्हणायचं. तिनं मला हे मोठ्या कौतुकानं समजावून सांगितलं. मी ऐकून घेतलं. शिकलेल्या पोरींना मधेच थांबवू नये, हेही मी सटवामामांकडूनच शिकले.

चोरून चोरून आमचं जमायला लागलं. मीठ-मोहऱ्यांपेक्षा हे बरं, असं मायच्याही ध्यानात आलं, आणि मी ओढ्यावर गेले असले तर तीच पिठाचे हात वर धरून भानूबरोबर अकरा खेपा घालायची. चौकटीला पिठाची बोटं उमटायची. ती पाहूनच बप्पांना कळलं. ते भयंकर चिडले. म्हणाले, "एका येड्याला बरं कराया घर येडं केलं! लोकं काय म्हनतील? पाटलाच्या दारात तमाशा हाय, चला बघाया!" माय म्हणाली, "पोरगं थांबतंय नव्हं पन?" त्यावर बप्पांनी खुंटीवरच्या साखळीकडं पाहिलं आणि सांगून टाकलं. येत्या आठवड्यात गिरदावर साहेब, म्हणजे महसूलखात्याचे तपासनीस, विहिरींच्या पाहणीला येणार होते. ते आले, जेवले आणि गेले, की दुसऱ्या सकाळी गाडी जुंपायची. तोवर भानूनं साहेबांच्या नजरेला पडायचं नाही. माय त्या दिवशी जेवली नाही. मी दाराआड बसून अंगठ्याच्या नव्या नखाकडं बघत राहिले, आणि बप्पांचा मला पहिल्यांदा राग आला. तो फार मोठा राग होता आणि मी तो खाली ठेवला नाही.

साहेब यायच्या दिवशी पहाटेपासून घर सारवणं, पुरण शिजवणं, तूप कढवणं चाललं होतं. भानूला सटवामामांबरोबर मळ्यात लावून दिला. योजना चोख होती. फक्त साहेब विहिरी पाहायला येणार आहेत आणि विहीर मळ्यात असते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. साहेब घोड्यावरून थेट विहिरीकडं निघालेले पाहून सटवामामांनी घाबरून भानूला उसाआडून घराकडं पिटाळलं. साहेबांनी विहिरीत वाकून पाहिलं, "पानी है," असा निकाल दिला आणि तेही घराकडं वळले. असा प्रकार होऊन दोघं एकाच सुमारास आमच्या दारात पोचले. भानू थोडा आधी. आणि दारात त्या दिवशी नवं सारवण, नवी रांगोळी, उंबरठ्याला हळदी-कुंकवाची बोटं. रोजचा उंबरठा तो नव्हताच. भानू एकदा आत आला, बोटं लावली, आणि मला त्याच्या चेहऱ्यावर कळलं. मी हातातलं पुरणाचं पातेलं खाली ठेवलं आणि त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिले. "लाभ," मी म्हणाले.

गिरदावर साहेब अंगणात उतरले तेव्हा आमच्या चार झाल्या होत्या. उंच, गोरे, काळी शेरवानी, डोक्यावर फेटा, आणि हैदराबादी माणसाची ती मऊ चाल. मागं दौत-लेखणी घेतलेला कारकून आणि साहेबांची खुर्ची डोक्यावर घेतलेला चपराशी. वाडीतली निम्मी माणसं कुंपणाशी. बप्पा पुढं धावले ते साहेबांना मुजरा करायला, आणि मुजरा करता करता त्यांची नजर दारात गेली. तोंडावरचा रंग उडाला. तीन ढांगांत दारापाशी आले आणि भानूच्या दंडाला हात घालणार, तेवढ्यात मी ओरडले. बप्पांवर ओरडले.

"बप्पा, भरली मोट हाय! मधी धरू नका!"

हात तसाच हवेत राहिला. आवाजच एवढा मोठा निघाला होता, का बप्पा स्वतः जन्माचे मोटेचे शेतकरी म्हणून, कोण जाणे. भरल्या मोटेला हात घालायचा नसतो हे त्यांच्या अंगातच होतं. मी आणि भानू पाचव्यांदा बाहेर गेलो आणि आत आलो.

"ये क्या है, पटेल?" साहेबांनी विचारलं.

बप्पा वळले. त्यांच्या कपाळावरचा घाम मला आतून दिसत होता. खरं सांगितलं तर पाटलाचं पोर येडं, खोटं सांगायला उर्दू नाही. शेवटी बाहेर पडलं, "रिवाज है, हुजूर. हमारे घर का रिवाज."

"कैसा रिवाज?"

"मेहमान आया तो… घर का पोरगा… अकरा बार अंदर-भाइर जाताय."

"ग्यारा बार? कायकू?"

सटवामामा तोवर धापा टाकत मागून येऊन पोचले होते. ते कुंपणावरून म्हणाले, "बरकतीसाठी, सायेब!"

साहेबांचा चेहरा एकदम उजळला. "बरकत! हमारे दादा बी अनाज मापते वक्त एक नै बोलते थे, बरकत बोलते थे." मग बप्पांकडं वळून, जरा कडक आवाजात म्हणाले, "तो तुम बाहर कायकू खडे हैं, पटेल? घर तो तुम्हारा है ना?"

मी त्या वेळी सहावी करून उंबरठ्याच्या आतल्या बाजूला होते. बप्पांनी माझ्याकडं पाहिलं, भानूकडं पाहिलं, कुंपणावरच्या माणसांकडं पाहिलं. मग जोडे काढले. आणि आमचे बप्पा, ज्यांच्या खाकरण्यानं दूध खाली बसायचं ते बप्पा, भानूच्या मागं उभे राहिले, पाय उचलून उंबरठा ओलांडून आत आले, दोन बोटं चौकटीला लावली आणि परत बाहेर गेले. सातवी. कुणी हसलं नाही, कारण साहेबसुद्धा जोडे काढत होते. "रिवाज है तो हम बी करेंगे," ते म्हणाले. आमचं दार बुटकं, साहेब उंच. आत येताना फेटा चौकटीच्या कपाळपट्टीला आदळला, बाहेर जाताना आदळला, परत येताना आदळला. तोही रिवाजाचाच भाग आहे अशा समजुतीनं त्यांनी ते अतिशय अदबीनं सोसलं. साहेब चालले म्हणून कारकून दौत सांभाळत चालला. कारकून चालला म्हणून चपराशी चालला, आणि डोक्यावरची खुर्ची खाली ठेवायचा हुकूम कुणी दिला नाही म्हणून खुर्चीसकट चालला. नवव्या खेपेला खुर्चीचे पाय चौकटीत अडकले, मागं बैलगाडीएवढी माणसं तुंबली. आत चुलीवर माझी माय भाजत्या पोळीचा धूर होईपर्यंत हे बघत राहिली, आणि सोनाआत्या, ज्यांना उभ्या आयुष्यात बोलणं थांबवणं जमलं नव्हतं, त्या गप्प झाल्या होत्या.

"आता दोन ऱ्हायल्या," मी म्हणाले.

"दो रहे," साहेबांनी मागच्यांना कळवलं.

अकरावी झाली. आम्ही सगळे ओसरीवर दाटीवाटीनं उभे. आता म्हणायचं होतं, आणि माझं तोंड कोरडं पडलं. भानू वाट बघत होता. त्याचा उजवा पाय हलला, पुन्हा बाहेर निघायच्या बेतात, आणि मला वाटलं संपलं, गाडी, साखळी, सगळं. तेवढ्यात माझ्या डोक्यावरून एक हात गेला आणि भानूच्या पाठीवर पडला. थाप म्हणण्याएवढी ती जोरात नव्हती.

"सुटली रं मोट, भानुदासा," बप्पा म्हणाले. "सुटली."

भानू खाली बसला. बप्पांनी हात लवकर काढला नाही. आपल्या पोराला असं थांबताना त्यांनी पहिल्यांदा पाहिलं होतं. माझा राग मी तिथंच खाली ठेवला.

साहेब मनसोक्त जेवले. कपाळावर टेंगूळ आलं होतं, तरी तीन पोळ्या गुळवणीत बुडवून खाल्ल्या. जाताना कारकुनाकडून दप्तरात काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाले की असा रिवाज सबंध इलाख्यात पाहिला नाही, तहसीलदार साहेबांना सांगेन, ते नक्की बघायला येतील. दुसऱ्या सकाळी अंगणात गाडी जुंपलेली होती. आत्यांनी धपाट्यांचं गाठोडं बांधलं होतं आणि बांधता बांधता रडून डोळे सुजवून घेतले होते. म्हणाल्या, "पोरगं कुटं हाय? ऊन व्हायच्या आत निगा."

"गाडी सोडा," बप्पा म्हणाले.

"कावून?"

"तहसीलदार सायेब यायचेत रिवाज बघाया. पोराबिगर रिवाज कोन करंल? तू करतीस का, आक्का?"

"आन ते कवा येनार?"

"सरकारी काम हाय. येतील तवा येतील."

आत्यांनी गाठोडं तिथंच सोडलं आणि पहिला धपाटा भानूच्या हातात दिला. साखळी विहिरीच्या पोहऱ्याला लागली आणि पुढं कित्येक वर्षं तिनं पाणी काढलं. तहसीलदार आले नाहीत. कधीच आले नाहीत. पण भानूला कुठं न्यायचा विषय कुणी काढला की बप्पा मान हलवून म्हणायचे, तहसीलदार यायचेत. निजाम गेला, राज्य गेलं, कागद मराठीत आले, आणि खाटेवर पडलेले बप्पा अजून तहसीलदारांची वाट बघत होते. माणसानं एवढ्या आनंदानं कुणाची वाट पाहिलेली मी दुसरी पाहिली नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा मला एकच घोर होता, माझ्यामागं भानूबरोबर कोण चालेल. हळदीच्या दिवशी दारात बघितलं तर बप्पाच मोजत होते, आणि लाभपासून मोजत होते.

वाडीचं मात्र भलतंच झालं. गिरदावरानं पाटलाच्या उंबरठ्यावर अकरा खेपा घातलेल्या सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. पाटलाकडं रिवाज आणि आपल्याकडं नाही, हे कुणाला सोसेना. आधी शेजाऱ्यांनी सुरू केलं, मग सगळ्या वाडीनं. माझं वऱ्हाड आलं तेव्हा आमच्या ह्यांना, सासऱ्यांना आणि वाजंत्रीवाल्यांना ढोलासकट अकरा खेपा घालाव्या लागल्या; सासूबाईंनी ते मरेपर्यंत काढून दाखवलं. आणि गंमत अशी की इकडं भानूचं कमी होत गेलं. त्यानं स्वतःच एक दिवस सांगितलं, मला आता सात पुरतात. काही वर्षांनी पाच. मग तीन. तीनवर तो राहिला. मोट तो स्वतः हाकायला लागला, आणि त्याच्यासारखा मोटकरी पंचक्रोशीत नव्हता. पुढं इंजिन आलं ते त्याला कधीच आवडलं नाही. म्हणायचा, त्याला शेवटची मोट न्हाई. अडकलेलं पोर असं सुटलं, आणि गाव अडकलं ते अकरावर. आजही नव्या जावयाला घालायला लावतात. फार जुना रिवाज आहे, पुराणात आहे, असं मला एका तरुण सरपंचानं समजावून सांगितलं. मी हो म्हणाले.

भानू गेला तेव्हा मी पोचले ती सकाळी. त्यानं लग्न केलं नव्हतं. चुलतभावाची मुलं त्याला जीव लावून होती. बप्पा, माय, आत्या, सटवामामा कुणीच उरलं नव्हतं. तिरडी बांधून झाली, चौघांनी खांदा दिला आणि दारातून बाहेर काढली. आणि तिथं थांबली. अंगणात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, ज्याच्या पायी ह्या दाराला रिवाज लागला त्याला एका खेपेत कसं न्यायचं? दुसरं म्हणालं, मढं एकदा बाहेर काढलं की परत आत आणत न्हाईत, आन अकरा बार म्हंजे काय खेळ हाय का? वाद वाढला. खांदेकरी उन्हात ताटकळले. मी म्हातारी, बाईमाणूस, तिथं बोलायचं नसतं. मी उंबरठ्यापाशी गेले.

"अकरा न्हाई," मी म्हणाले. "त्याला तीन पुरतात."

खांदेकरी वळले. तिरडी आत आली, बाहेर गेली. मी बाजूनं चालत होते, चौकटीला दोन बोटं त्याच्या वतीनं मीच लावत होते. लाभ. दोन. "आता ही शेवटची, भानू," मी म्हणाले. तिसऱ्यांदा बाहेर आलो आणि सगळे उभे राहिले. खांदेकरी हलेनात. वाडीतल्या पोराटोरांनासुद्धा माहीत होतं की आता काहीतरी म्हणायचं असतं, आणि ते म्हणणारं आता माझ्याशिवाय कुणी नव्हतं. त्या दिवसासारखंच माझं तोंड कोरडं पडलं होतं, आणि ह्या वेळी माझ्या डोक्यावरून येणारा हात नव्हता. मी तिरडीखालून, पांढऱ्या कापडावरून त्याच्या पाठीचा अंदाज घेतला, हात टेकवला, आणि म्हणाले, "सुटली रं मोट, भानुदासा."

मग ते त्याला घेऊन गेले.